सुरतेतील देशी झाडी : रूढ समजुती आणि वस्तुस्थिती

डॉ. हेडगेवार पुलापासून भीमराड-बमरोली पुलापर्यंत खाडीच्या काठाने ८७ हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर जैवविविधता उद्यान उभारण्याची तजवीज होऊन २९ सप्टेंबर २०२२ रोजी त्याची पायाभरणीही झाली. परंतु शहरातील वन कसे असावे याविषयीच्या आपल्या कल्पना अद्याप बागेवरूनच बेतलेल्या आहेत, आणि बागेचा दंडक लावून वनाची पारख केली की अनर्थ होतो.

हिरवे तेवढे सर्व देशी, ही त्यांतील सर्वांत रुजलेली समजूत. वस्तुतः गुलमोहर मादागास्करचा, सुबाभूळ मेक्सिकोकडची, आणि आपले गुजराती शेजारी जिला 'गांडो बावळ' म्हणतात ती वेडी बाभूळही अमेरिका खंडातूनच आलेली. केवळ परकेपणा हा काही दोष नव्हे. चिंच मूळची आफ्रिकेची, तरी तिच्यावाचून आपले स्वयंपाकघर चालत नाही. दोष आहे तो शेजाऱ्यांना जगू न देणाऱ्या, किंवा केवळ झटपट वाढतात म्हणून सरसकट लावल्या जाणाऱ्या झाडांचा. भिंतीसारख्या दाट वाढणाऱ्या कोनोकार्पसचे परागकण श्वासाला आणि मुळे जमिनीखालच्या नळांना बाधक ठरतात, म्हणून गुजरातच्या वनखात्याने सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या लागवडीस मनाई केली.

दुसरी समजूत मला अधिक घातक वाटते : उन्हाळ्याच्या तोंडाशी झाड निष्पर्ण झाले म्हणजे ते मेले, निदान त्याच्या निगेत कसूर झाली. दक्षिण गुजरातचे नैसर्गिक वन पानझडीचे आहे. साग, सावर, पळस, बहावा ही झाडे पाने टाकतात ती जमिनीतले पाणी आटू लागल्यावर आपल्याजवळचे जपून ठेवण्यासाठी. फाल्गुनात पळसाजवळ थांबून पाहावे : पान नावाला नसते, आणि काळसर मखमली कळ्यांतून राघूच्या चोचीसारखी केशरी फुले बाहेर पडत असतात, त्यांतल्या मधासाठी मैना व सूर्यपक्षी यांची गर्दी उडालेली असते. खाली साचलेला पाचोळा हाताने बाजूस सारला तर वरचा थर कुरकुरीत, त्याखालचा दमट, आणि अगदी तळाशी बुरशीच्या पांढऱ्या तंतूंनी बांधलेली काळी माती लागते. हा पाचोळा झाडून पेटवून देण्याला आपण स्वच्छता म्हणतो, तेव्हा वनाच्या तोंडचा घासच काढून घेत असतो.

सांस्कृतिक उपवन केले की देशी वन आपोआप झाले, असेही मानले जाते. गुजरात सरकारने २००४ मध्ये गांधीनगरच्या 'पुनित वना'पासून सांस्कृतिक वनांचा उपक्रम आरंभिला. सुरत जिल्ह्यात बारडोलीला 'एकता वन' आहे. अशा उपवनांतल्या नक्षत्रवनात, म्हणजे नक्षत्रागणिक एकेक झाड लावलेल्या भागात, कृत्तिकेचा उंबर, रोहिणीचे जांभूळ, मृगाचा खैर, पुष्याचा पिंपळ अशी आपल्याच मातीतली झाडे एकेकटी, नामफलकासह उभी असतात, आणि ओळख पटविण्यास त्याहून उत्तम सोय नाही. परंतु करवंदाची जाळी, गुळवेलीचा वेढा, आपोआप उगवलेली रोपे आणि वठलेले खोड यांवाचून वन होत नाही. उलटपक्षी, असल्या परंपरागत वृक्षज्ञानाला निव्वळ भाबडेपणा समजणाऱ्यांनी सुरतेतल्याच कतारगामच्या डच कबरस्तानात जावे. मलबारच्या वनस्पतींवरील 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करणारा हेंद्रिक व्हान ऱ्हेडे १६९१ च्या डिसेंबरात सुरतेच्या वाटेवर समुद्रात वारला व येथेच पुरला गेला. त्याच्या ग्रंथाला इट्टी अच्युदन या वैद्याप्रमाणेच रंगभट, विनायक पंडित व आप्पुभट या कोंकणी वैद्यांचाही आधार होता, आणि त्या तिघांचा १६७५ चा नागरी लिपीतील दाखला पहिल्या खंडात छापलेला आहे.

राहता राहिली खाडी. तिच्या काठची मोकळी जमीन म्हणजे पडीक, आणि पूर आला की तो तापीवरच्या उकाई धरणाचा, असे सर्रास बोलले जाते. ऑगस्ट २००६ चा महापूर त्या धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला आला हे खरे. पण शहरातल्या मिठी खाडीचे पाणी लिंबायत भागातल्या मराठी वस्तीत शिरते तो पूर निराळा. वरच्या भागात पडलेला पाऊस खाडीत उतरतो, आणि त्याच वेळी समुद्राला भरती असली तर त्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही. झाडे लावून असा पूर थांबत नाही. पाण्याला पसरायला व मुरायला बिनबांधकामाची जमीन लागते. तिच्यावर ओल सोसणारे करंज, अर्जुन, जांभूळ लावावे, आणि जेथे भरतीचे खारे पाणी येते तेथे तिवरांना हात लावू नये.