इंजिन चालतंय, पण मोनोग्राम कुठून आणायचा? जुन्या फियाटच्या ट्रिमची शोधाशोध

(हे एपिसोडचं शब्दांकन आहे. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ गाळलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

मी कुपवाडमधून बोलतोय. दिवसभर कोड लिहितो आणि रविवारी मामांच्या शेडमध्ये असतो. तिथे १९७३ ची एक प्रीमियर प्रेसिडेंट उभी आहे. इंजिन सुरू होतं, ब्रेक लागतात, पत्र्याचं कामही झालंय. तरी मामा म्हणतात, “आरं, गाडी चालतीय, पण गाडीला तोंडच नाही. किती दिवस ठेवायची? भंगारवाला रेट सांगून गेलाय.”

तोंड नाही म्हणजे काय? पुढची जाळी वाकलेली, बाजूची चकचकीत पट्टी अर्धीच उरलेली, काचेचं रबर तडकलेलं आणि डिकीवरचं नाव तुटलेलं. याला म्हणतात ट्रिम. गाडी चालायला याची गरज नसते, पण जुन्या गाडीचं काम बहुतेक वेळा इथेच अडकतं. पिस्टन मिळतो, क्लच प्लेट मिळते. वीतभर लांबीचं मोनोग्राम मिळत नाही आणि गाडी शेडमध्ये पडून राहते. म्हणून आजचा विषय: ट्रिमचे पार्ट शोधायचे कसे, नवीन बनवलेली नक्कल ओळखायची कशी, आणि काहीच मिळालं नाही तर आपल्याच भागात ते बनवून घ्यायचं कसं.

आधी गाडीची कुंडली

प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ ची, मूळच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी काढलेली. सांगलीचं वालचंद कॉलेज त्यांच्याच नावाचं, त्यामुळे आपल्या भागाचा या गाडीशी लांबून का होईना संबंध आहे. कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. पन्नासच्या दशकात तिथे इटलीच्या फियाट ११०० गाड्या बनायला लागल्या. त्यातल्या गोल पाठीच्या मॉडेलला आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणतात. १९६४ ला ११००डी म्हणजे ‘डिलाइट’ आली. १९७२ च्या सुमारास फियाटचं नाव गेलं आणि गाडी ‘प्रेसिडेंट’ झाली. १९७४ पासून तीच ‘पद्मिनी’.

हा इतिहास सांगायचं कारण सरळ आहे. ‘फियाटचं मोनोग्राम द्या’ म्हटलं तर दुकानदार हातात काहीही ठेवेल. पत्रा जवळपास तोच असला तरी प्रेसिडेंट हे नाव जेमतेम दोन-एक वर्षंच होतं. त्यामुळे पद्मिनीची जाळी, डॅशबोर्ड, दिवे शोधले तर सापडतात, पण प्रेसिडेंटचं नाव सापडणं अवघड. नंतरच्या पद्मिनीत या गोष्टी बदलतही गेल्या. म्हणून पहिलं काम म्हणजे आरसी बुकवरचं साल बघणं, गाडीला किती ठिकाणी भोकं आहेत ते मोजणं आणि जुना पार्ट्स कॅटलॉग मिळवणं. त्यातला पार्ट नंबर घेऊन बाजारात गेलात की बोलणं नीट सुरू होतं.

चार दारं, या क्रमाने ठोठवा

पहिलं दार म्हणजे ओल्ड स्टॉक. कंपनी चालू असताना बनलेला, दुकानाच्या माळ्यावर कागदात गुंडाळून पडलेला माल. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर, दिल्लीत काश्मिरी गेट, कोलकात्यात मल्लिक बाजार. पण लहान गावातली जुनी स्पेअर पार्टची दुकानं विसरू नका. मालकाला नुसतं “आहे का?” विचारलं तर “नाही” एवढंच उत्तर मिळतं. “काका, माळ्यावर बघू का? मीच चढतो,” म्हटलं तर कधी कधी खजिना निघतो.

दुसरं दार सेकंडहँड. मुंबईचा चोर बाजार, कुर्ल्याचे भंगारवाले, पुण्याचा जुना बाजार, दिल्लीचं मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. पण त्या शेवटच्या टॅक्स्या उशिराच्या मॉडेलच्या. त्यांची जाळी १९७३ च्या गाडीला शोभेलच असं नाही.

तिसरं दार नवीन बनवलेली नक्कल, म्हणजे रिप्रॉडक्शन. ११००डी इटलीतही विकली गेल्यामुळे तिकडे जुन्या फियाटचे रबर, पट्ट्या, लेन्स अजून बनतात. मागवण्याआधी दोन गोष्टी बघा. तिकडे स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे डॅशबोर्डचे भाग उपयोगाचे नाहीत. हेडलाइटची काचही उजवीकडून गाडी चालवणाऱ्या देशासाठी कापलेली असते. आपल्या रस्त्यावर ती समोरच्याच्या डोळ्यात प्रकाश फेकते. दरवाजाची ट्रिम घेताना मॉडेल बघा, कारण डुक्कर फियाटचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, ११००डीचे सरळ उघडतात.

चौथं दार म्हणजे स्वतः बनवून घेणं. त्यावर थोडं सविस्तर बोलू.

हातातला तुकडा कशाचा आहे?

चकचकीत दिसतं ते सगळं ‘स्टील’ नसतं. बाजूच्या पट्ट्या बहुधा स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियमच्या असतात, बंपर क्रोम केलेल्या लोखंडी पत्र्याचे, आणि मोनोग्राम, हँडल, दिव्याच्या रिंगा जस्ताच्या मिश्रधातूच्या. चुंबक लावून बघतात, पण त्यावर पूर्ण विसंबू नका. स्टेनलेसच्या काही जातींना चुंबक चिकटतो, काहींना नाही.

त्यापेक्षा भारी युक्ती आर्किमिडीजची. घरात ०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा असेल तर तुकडा आधी कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. तुकडा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. आता काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढं त्या तुकड्याचं घनफळ, मिलिलिटरमध्ये. आमचा तुटका मोनोग्राम ८० ग्रॅम भरला, पाण्यात काट्याने १२ दाखवले. ८० भागिले १२ म्हणजे साधारण ६.७. जस्ताचा मिश्रधातू याच घनतेचा असतो. पितळ असतं तर ८.५ च्या आसपास आलं असतं, ॲल्युमिनियम २.७ आणि प्लास्टिक १ च्या जवळ. ‘ओरिजिनल’ म्हणून विकलेला तुकडा क्रोम मारलेलं प्लास्टिक निघतो का, हे पाच मिनिटांत कळतं.

धातू कळणं आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं. क्रोमवाला जुना थर काढायला तुकडा ॲसिडमध्ये टाकतो. पितळ ते बऱ्यापैकी सोसतं, जस्त विरघळायला लागतं. तुकडा देताना “हे जस्ताचं आहे” असं सांगायचंच, आणि कागदावर लिहूनही द्यायचं.

कुपवाडमध्ये बनवायचं कसं?

तुम्ही म्हणाल, कुपवाड एमआयडीसीत फाउंड्री आहेत, मिरजेत आहेत, पलीकडे कोल्हापूरला शिरोली आणि गोकुळ शिरगाव आहे. मग अडचण काय? अडचण वजनाची. ही मंडळी प्रामुख्याने बिडाचं काम करतात आणि ऑर्डर टनात मोजतात. ८० ग्रॅमचा एक तुकडा कुणासाठी भट्टी पेटवणार? एका ठिकाणी मला “किमान पन्नास नग” असं सांगितलं, तेही हसतच. त्यामुळे शोध घ्यायचा तो घंटा, नळ, मूर्ती ओतणाऱ्या छोट्या पितळ कारागिरांचा. नाहीतर दागिन्यांसाठी मेणाचा साचा करून ओतकाम करणाऱ्यांचा. हुपरीसारखं चांदीकामाचं गाव आपल्यापासून फार लांब नाही. बारीक अक्षरं कशी उठवायची हे या लोकांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आता माझ्या धंद्यातला भाग. तुटका तुकडा फ्लॅटबेड स्कॅनरवर ठेवतो, शेजारी स्टीलची पट्टी ठेवतो, म्हणजे माप चुकत नाही. त्यावरून कॅडमध्ये रेषा ओढतो. हरवलेलं अक्षर जुन्या फोटोंवरून काढतो, जाडी व्हर्नियरने मोजतो. मग थ्रीडी प्रिंट. महागडा स्कॅनर नसला तरी सपाट मोनोग्रामचं काम एवढ्यावर होतं.

खरी गंमत पुढे आहे. वितळलेला धातू थंड होताना आक्रसतो, पितळ साधारण दीड टक्का. समजा पाठीमागच्या दोन पिनांमधलं अंतर ८० मिलिमीटर आहे. जुन्या तुकड्याचाच मातीत ठसा घेऊन पितळ ओतलं तर नवीन तुकड्यात ते अंतर ७८.८ येतं. सव्वा मिलिमीटरचा फरक. डिकीच्या भोकात पिना बसत नाहीत. बाजारातल्या स्वस्त नकला ‘जवळपास तशाच’ दिसूनही बसत नाहीत, त्याचं एक मोठं कारण हेच. म्हणून कॅडमध्येच सगळं दीड टक्क्याने मोठं करायचं. ८० चे ८१.२ करायचे, म्हणजे ओतल्यावर ८० च्या जवळ येतं. नेमका टक्का ओतणाऱ्याला विचारा, त्याची माती आणि त्याचं पितळ त्यालाच माहीत.

अक्षरांच्या कडाही मुद्दाम थोड्या जास्त धारदार आणि उंच ठेवायच्या, कारण क्रोमच्या आधी बफिंग होतं आणि बफिंग कडा खातं. कडा गोल झालेला मोनोग्राम वितळलेल्या साबणासारखा दिसतो.

जस्ताऐवजी पितळ का? जस्ताच्या भागासाठी पोलादी डाय लागतो. तो हजारो नगांना परवडतो, एका नगाला नाही. पितळ मातीत किंवा मेणाच्या साच्यात सहज ओतता येतं, पॉलिश चांगलं होतं, क्रोमही छान धरतं.

क्रोमबद्दल थोडं गंभीरपणे

क्रोमचा दिसणारा थर मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. खालचं निकेल त्याच्या कितीतरी पट जाड, आणि गंजापासून संरक्षण खरं तेच करतं. त्यामुळे “डबल क्रोम मारतो” याला अर्थ नाही. विचारायचं असेल तर “खाली तांबं आणि निकेल किती देता?” असं विचारा.

दुसरं, क्रोमच्या टाकीतलं रसायन विषारी असतं, त्याच्या वाफेने फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. व्हिडिओ बघून घरी बादलीत करायची गोष्ट ही नाही. सांडपाण्यावर प्रक्रिया करणारं, कामगाराला मास्क-हातमोजे देणारं युनिट निवडा, थोडे पैसे जास्त गेले तरी. आपल्या हौशीची किंमत दुसऱ्याच्या फुप्फुसाने का द्यायची?

रबर आणि पट्ट्या

काचेचं आणि दरवाजाचं रबर म्हणजे एकाच आकाराची लांब शेवच. त्यामुळे गाडीचं नाव विसरा, आडवा छेद बघा. जुन्या रबराचा बोटभर तुकडा ब्लेडने सरळ कापा, ग्राफ पेपरवर ठेवून फोटो काढा आणि रबर प्रोफाइल बनवणाऱ्याला पाठवा. बस-ट्रकसाठी बनणारं एखादं प्रोफाइल अगदी तेच निघू शकतं. ऊन-पावसासाठी ईपीडीएम मागा. बाजूच्या पट्टीमागच्या क्लिपा बसवताना भोकाला प्रायमर आणि थोडं ग्रीस लावा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो.

फसवणूक आणि कायदा

व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो बघून ॲडव्हान्स पाठवू नका. आमच्या ओळखीतल्या एकाला जाळीचा फोटो दाखवून पैसे घेतले, नंतर नंबर बंद. फोटो दुसऱ्याच कुणाच्या गाडीचा होता. आजची तारीख लिहिलेला कागद आणि मोजपट्टी शेजारी ठेवून, पुढचा-मागचा फोटो मागा. माल खरंच हातात असलेला माणूस दोन मिनिटांत पाठवतो.

आता मामांच्या प्रश्नाचं उत्तर, गाडी का ठेवायची. १५ जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून जास्त झालेली, मूळ रूपातली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नवीन नोंदणी २०,००० रुपये, पुनर्नोंदणी ५,००० रुपये, मुदत दहा वर्षं. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नवीन असेल तर नंबरात ‘व्हीए’ येतं. अट अशी की चॅसिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठा बदल नको. आणि रोजच्या वापराला ती काढता येत नाही: रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. म्हणजे १९७३ ची गाडी वयात बसते. मूळ रूप दिसणं हा त्यातला मोठा भाग, आणि रूप म्हणजे शेवटी ट्रिमच.

एक पथ्य मी पाळतो. बनवलेल्या प्रत्येक तुकड्याच्या मागे बनवल्याचं साल कोरतो. उद्या गाडी विकली गेली तर पुढच्या माणसाला नक्कल ‘ओरिजिनल’ म्हणून खपवली जाऊ नये. आणि स्वतःच्या गाडीसाठी एखादं नाव बनवणं वेगळं, कंपनीचं चिन्ह ओतून विकायला काढणं वेगळं. तिथे ट्रेडमार्कचा प्रश्न येतो.

तुमचे प्रश्न

“नक्कल लावली तर किंमत कमी होते का?” जुना तुकडा दुरुस्त होत असेल तर तोच लावा. नाहीतर नक्कल लावा आणि जुना डबीत घालून गाडीबरोबर द्या.

“सुरुवात कुठून करू?” आज संध्याकाळी गाडीभोवती फिरा. जे नाही त्याची यादी करा, प्रत्येक भोकाचं अंतर मोजा, फोटो काढा. पैसे लागत नाहीत, आणि पुढचं प्रत्येक काम या यादीवरूनच होतं.

मामांनी दिवाळीपर्यंत मुदत दिलीय. मोनोग्रामचं प्रिंट ओतायला गेलंय, जाळीचा शोध चालू आहे. कुणाच्या गावी, कुणाच्या माळ्यावर सत्तरच्या दशकातल्या फियाटचं काही पडलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. फोटो मोजपट्टीसकट! पुढच्या एपिसोडमध्ये बोलू जुन्या गाडीच्या वायरिंगबद्दल. तोवर भेटू, काळजी घ्या.