पिस्टनचे पेनदान

मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानातून निकामी पिस्टन मागून आणा. उलटा धरलात, की झाला पेनांसाठी पेला! माथा फुगीर असल्यास तो डुगडुगेल. म्हणून खाली जुने दातेरी चाक ठेवा आणि भोवती चेन गुंडाळा.

आता लोहचुंबक लावा. चाक व चेन चिकटतील, पिस्टन नाही. तो ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. (कड्या राहिल्या असल्यास त्या चिकटतील, त्या लोखंडी!) सर्व भाग विस्तवापासून दूर, रॉकेलने धुवा. पिस्टनचे रक्षण त्याच्यावरील ऑक्साइडचा पातळ थर करतो. चेनचे रक्षण मात्र तेलच करीत होते! ते निघताच दमट हवेत गंज चढू लागतो. तेव्हा चेन पुसून, वाळवून लगेच पारदर्शक व्हार्निश लावा.

ब्रेकचे जुने शू मात्र आणू नका. पूर्वी त्यांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे. घासल्यास त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात शिरतात आणि तेथेच राहतात.