अस्थ्यर्बुदाच्या शस्त्रकर्मापूर्वीचे एम्बोलायझेशन

वृक्काचा कर्करोग कित्येकदा मूळ व्याधीची चाहूलही न देता प्रथम मांडीचे हाड मोडूनच प्रकट होतो. असा रुग्ण साधा अस्थिभग्न समजून शस्त्रकर्मास घेतला, तर छेद घेताच रक्तस्राव आवरेनासा होतो. वृक्क व थायरॉइड यांच्या कर्करोगाचे हाडात पसरलेले अर्बुद, तसेच जायंट सेल ट्यूमर व अ‍ॅन्युरिझ्मल बोन सिस्ट हे अस्थीचे स्वतःचे विकार रक्तवाहिनीबहुल असतात. हातापायाच्या खालच्या भागात पट्टा आवळून रक्त थोपविता येते. पण श्रोणी, मणके वा खांदा येथे तो बांधणार कोठे? या प्रश्नावर एम्बोलायझेशन हे उत्तर आहे. अस्थ्यर्बुदांत त्याचा वापर १९७५ साली अमेरिकेत फेल्डमन व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात संधान, स्कंदन, पाचन व दहन असे रक्तस्तंभनाचे चार उपाय सांगितले आहेत. ते रक्त वाहू लागल्यावर योजावयाचे. येथे शस्त्र लावण्यापूर्वीच वाट बंद केली जाते. ‘हे आमच्याकडे होतेच’ असे म्हणण्याचा मोह या ठिकाणी आवरावा, असे माझे मत आहे.

जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक कॅथेटर सरकवून क्ष-किरणांच्या पडद्यावर अर्बुदाचे पोषण करणाऱ्या शाखा शोधल्या जातात. त्यांत पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे सूक्ष्म कण, जिलेटिनचा स्पंज, वैद्यकीय गोंद किंवा धातूची कॉइल सोडतात. केवळ मोठ्या शाखेत कॉइल बसविली तर आजूबाजूच्या वाहिन्या अर्बुदाला रक्त पुरवीतच राहतात. म्हणून खोलवर जाणाऱ्या कणांना महत्त्व. मणक्याच्या बाबतीत जोखीम मोठी आहे. पाठीच्या खालच्या भागात, बहुधा डाव्या बाजूने, अ‍ॅडमकिविक्झची धमनी मज्जारज्जूला रक्त देते. तिच्यात कण गेल्यास दोन्ही पाय लुळे पडू शकतात. ती दिसली तर त्या शाखेचे रोधन टाळतात.

हा उपाय सहसा कर्करोग बरा करीत नाही. तो शस्त्रकर्माची पूर्वतयारी आहे. बंद केलेल्या वाहिन्यांना पर्यायी वाटा लवकर फुटतात आणि जिलेटिन तर विरघळूनच जाते. त्यामुळे शस्त्रकर्म शक्यतो २४ ते ७२ तासांत, वृक्कजन्य अर्बुदात त्याहूनही लवकर, व्हावे लागते. आपल्याकडील रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयात जातात, तेव्हा ही गोष्ट नातेवाईकांना आधीच समजावून द्यावी. ‘एक काम झाले, आता चार दिवस गावी जाऊन येऊ’ म्हणून महालक्ष्मी एक्सप्रेस धरली, तर केलेला खर्च व सोसलेली वेदना दोन्ही वाया जातात. रोधनानंतर एकदोन दिवस वेदना, ज्वर व मळमळ होऊ शकते. तेवढ्याने जंतुसंसर्ग झाला असे समजू नये, मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे.

रुग्ण मुंबईस पोहोचण्यापूर्वी बहुधा आपल्याच दारी येतो. रात्री वाढणारी, विश्रांतीने न शमणारी अस्थिवेदना, वाढती सूज, किंवा पूर्वी कर्करोग झालेल्या रुग्णाची नवी कंबरदुखी दिसल्यास प्रथम क्ष-किरण चित्र काढावे. निदान होईपर्यंत तेथे मर्दन, स्वेदन, अग्निकर्म किंवा रक्तमोक्षण करू नये. हाताला स्पंदन जाणवणाऱ्या सुजेत सुई घालण्याचे धाडस तर मुळीच नको.

औषधी दुकानदार बंधूंसाठी एक मुद्दा. अ‍ॅस्पिरिनचा परिणाम रक्तबिंबिकांवर ७ ते १० दिवस टिकतो. रसोन व गुग्गुळ यांच्या अर्कांनीही बिंबिकांचे एकत्र येणे कमी होते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. त्याखेरीज तपासणीत वापरले जाणारे आयोडीनयुक्त द्रव्य वृक्कातून बाहेर पडते. त्यासाठी आधी क्रिएटिनिन पाहतात. मधुमेही रुग्णाच्या मेटफॉर्मिनबाबतही त्यावरच निर्णय होतो. हृदयरोग्याचे अ‍ॅस्पिरिन मात्र आपण परस्पर बंद करू नये. रसकल्पांसह चालू असलेल्या प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा आणि शेवटचा डोस घेतल्याची तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती रुग्णासोबत द्यावी.