पाषाणप्रवाळ आणि चुन्याची निवळी

संस्कृतातील ‘प्रवाल’ या शब्दाचा एक अर्थ कोवळा अंकुर असा आहे. व्यवहारात मात्र पोवळ्याची गणना रत्नांत होते. नाव वनस्पतीचे, मान खनिजाचा आणि खरे स्वरूप प्राण्याचे, अशी ही वस्तू आहे. अंगठीतील तांबडे पोवळे निराळ्या गटातील होय. येथे विचार करावयाचा तो उष्ण समुद्रांत प्रवाळभित्ती उभारणाऱ्या पाषाणप्रवाळांचा. घरातील काचेच्या टाकीत ते जगविता येतात. परंतु त्यासाठी त्यांची ही तिन्ही अंगे सांभाळावी लागतात.

वनस्पतीचे अंग म्हणजे प्रवाळाच्या पेशींत वसणारे एकपेशीय शैवल. त्याने प्रकाशात सिद्ध केलेल्या अन्नावर प्रवाळाचे बरेचसे पोषण होते. म्हणून टाकीवर प्रखर दिवे लागतात. पाणी फार तापले तर हे शैवल निघून जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. तापमान २५-२६ अंश सेल्सियसच्या आसपास स्थिर राखणे इष्ट. प्राण्याच्या अंगासाठी पाणी निर्मळ व सतत खेळते हवे. जकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ साली आपल्या टाक्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांत सूक्ष्मजीवांनी भरलेले समुद्रातील खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावरच पाणी शुद्ध राहत असे.

तिसरे अंग खनिजाचे, आणि अडचण येते ती येथेच. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. त्यातील २० मिलिग्रॅम खर्ची पडले, की पाण्याची क्षारता एक मिलिइक्विव्हॅलंटने उतरते. समुद्राला ही तूट जाणवत नाही. टाकीत मात्र ती थोड्याच दिवसांत दिसू लागते.

यावरील एक उपाय म्हणजे चुन्याची निवळी. तीत कॅल्शियम व क्षारता नेमक्या याच प्रमाणात असतात. टाकीतील पाण्याची वाफ होऊन पातळी उतरते. ती भरून काढण्यासाठी शुद्ध पाण्यात केलेली निवळी थेंबथेंब सोडावी. संपृक्त निवळीच्या लिटरमध्ये सुमारे ८०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दोनशे लिटरांच्या टाकीत रोज दोन लिटर निवळी गेली, तर दर लिटरमागे ८ मिलिग्रॅमची भरपाई होते. निवळी अतिशय दाहक असल्यामुळे ती एकदम ओतल्यास जीव दगावतात. उघडी ठेवल्यास हवेतील कर्बद्विप्राणिलामुळे तिच्यावर साय धरते व तिचा गुण कमी होतो.

भारतात हा छंद घरी करता येणार नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत पाषाणप्रवाळांचा समावेश २००१ साली झाला असून त्यांचा संग्रह व व्यापार निषिद्ध आहे. परदेशांतील छांदिष्ट मात्र एका वसाहतीची फांदी तोडून तीपासून दुसरी वाढवितात. अशा टाकीला समुद्रातून नवा प्रवाळ आणावा लागत नाही. ‘अंकुर’ हा जुना अर्थ येथे अनपेक्षितपणे सार्थ ठरतो.