एमबीबीएस झालं, आता कुठली वाट धरणार?

साडेचार वर्षं अभ्यास, वर वर्षभर राबवून घेणारी इंटर्नशिप. ती संपायच्या आतच नातेवाईक विचारू लागतात, "मग, पीजी कशात?" जणू या पदवीनंतर एकच गल्ली आहे! प्रत्यक्षात एमबीबीएस झालेली माणसं कुठे कुठे पोचली आहेत, बघा.

उणे गुण, तरीही पात्र!
नीट-पीजीत २०० प्रश्न आणि साडेतीन तास. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा. रेडिओलॉजी, मेडिसिन, डर्माच्या जागा हातोहात जातात. अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजीच्या रिकाम्या राहतात. २०२३ मध्ये जागा भराव्यात म्हणून पात्रतेची अट थेट शून्य पर्सेंटाइलवर आली. म्हणजे उणे गुणवालेही काउन्सेलिंगला पात्र! एम्ससाठी मात्र वेगळी आयएनआय-सीईटी, तीही वर्षातून दोनदा.

एक वर्ष सरकारचं
महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं की एक वर्षाच्या सरकारी सेवेचा बॉण्ड असतो. सेवा टाळली तर दंड १० लाख रुपये. प्राथमिक आरोग्य केंद्रात साप चावलेला पेशंट आणि अडलेली बाळंतीण एकाच रात्री आली, की पुस्तकात नसलेलं बरंच काही कळतं.

आकाशात आणि पाण्याखाली
बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिनमध्ये वैमानिकांच्या शरीराचा अभ्यास करून एमडी होता येतं. गगनयानच्या अंतराळवीरांची वैद्यकीय निवड इथेच झाली. पाणी आवडत असेल तर कुलाब्याचं नौदलाचं 'अश्विनी' रुग्णालय आहे. तिथे मरीन मेडिसिन शिकवतात: पाणबुडे, पाणबुड्या आणि खोल पाण्यातून घाईने वर आल्यावर होणारे आजार.

मँचेस्टरची आठ मिनिटं
ब्रिटनला जायचं तर 'प्लॅब'. पहिल्या भागात १८० प्रश्न. दुसरा भाग मँचेस्टरला, आणि तिथे खरी गंमत. दाराबाहेर दीड मिनिट सूचना वाचायची, मग आत आठ मिनिटांत पेशंट हाताळायचा. पेशंट बहुतेकदा ठरवून दिलेली भूमिका वठवणारा कलाकार असतो! निदान बरोबर आलं तरी बोलण्यात माया नसेल तर गुण जातात. अमेरिकेच्या यूएसएमएलईत २०२२ पासून स्टेप १ फक्त पास-नापास आहे. त्यामुळे सगळा भार आला स्टेप २ वर.

आयआयटीतही डॉक्टर
आयआयटी खरगपूरला एमबीबीएस झालेल्यांसाठी वैद्यकीय विज्ञान-तंत्रज्ञानाचा तीन वर्षांचा मास्टर्स आहे. हॉस्पिटल चालवायची हौस असेल, तर मुंबईत 'टिस'चा हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा अभ्यासक्रम.

गडचिरोली, व्हाया बाल्टिमोर
डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली. गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची त्यांची पद्धत १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढे ती देशभर आशाताईंच्या कामाचा भाग झाली.

कलेक्टरसाहेब, एमबीबीएस
यूपीएससीच्या मुख्य परीक्षेला वैद्यकशास्त्र हा चक्क ऐच्छिक विषय आहे. धुळे जिल्ह्यातले डॉ. राजेंद्र भारूड मुंबईत एमबीबीएस करून आयएएस झाले. कोविडच्या काळात नंदुरबारला वेळेआधी ऑक्सिजन प्लांट उभारणारे कलेक्टर ते हेच.

नाटकवाले डॉक्टर
१९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'चे दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, तर त्यातले नाना फडणवीस, म्हणजे मोहन आगाशे, मानसोपचारतज्ज्ञ. कान-नाक-घशाचे सर्जन श्रीराम लागू १९६९ मध्ये पूर्णवेळ नट झाले. तिघेही पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे!

जाता जाता
वाट कुठलीही धरा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी मात्र जपा. दर पाच वर्षांनी ३० क्रेडिट पॉइंट्स दाखवून तिचं नूतनीकरण करावं लागतं. तेव्हा परीक्षा संपल्या या भ्रमात राहू नका.