दम कशाने तुटतो?

सांगली-मिरज रस्त्यावरील विश्रामबाग हे उपनगर विद्येसाठी प्रसिद्ध आहे. १९१९ साली स्थापन झालेले विलिंग्डन महाविद्यालय येथेच आहे. सांगली जिल्ह्याचे नाव कुस्ती आणि कबड्डी या खेळांसाठीही आदराने घेतले जाते. कबड्डीत चढाईला गेलेल्या गड्याला प्रतिपक्षाच्या अंगणात असेपर्यंत 'कबड्डी, कबड्डी' असा उच्चार एका दमात, खंड न पाडता करावा लागतो. प्रतिपक्षाने त्याला पकडून ठेवले आणि त्याचा दम तुटला, तर तो बाद होतो.

हा दम कशाने तुटतो बरे? बहुतेक मुले सांगतील, "छातीतील प्राणवायू संपतो म्हणून." हे उत्तर पटण्याजोगे वाटते, परंतु ते बरोबर नाही.

आपण श्वास घेतो तेव्हा छाती व पोट यांच्यामधील श्वासपटल खाली सरकते, बरगड्या वर उचलल्या जातात आणि हवा फुप्फुसांत शिरते. फुप्फुसांत अतिशय बारीक असे कोट्यवधी वायुकोश असतात. त्यांच्या पातळ भित्तिकांतून प्राणवायू रक्तात मिसळतो आणि रक्तातील कर्बवायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, बाहेर येतो. आत जाणाऱ्या हवेच्या शंभर भागांत प्राणवायूचे सुमारे २१ भाग असतात; उच्छ्वासात ते सुमारे १६ उरतात. म्हणजे शांतपणे श्वास घेताना आपण प्राणवायूचा सुमारे पाऊण हिस्सा न वापरताच परत करतो. कर्बवायू मात्र आत जाताना नाममात्र असतो आणि बाहेर येताना सुमारे चार भाग होतो.

या कर्बवायूवरच मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र लक्ष ठेवून असते. रक्तात तो थोडासा वाढला, तरी 'श्वास घे' अशी आज्ञा सुटते. हाल्डेन व प्रिस्टली या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९०५ साली ही गोष्ट प्रयोगांनी दाखवून दिली. धावताना आणि झटापट करताना स्नायू पुष्कळ कर्बवायू निर्माण करतात. म्हणून उभ्या जागी बराच वेळ टिकणारा दम मैदानात लवकर तुटतो. घड्याळ समोर ठेवून तुम्ही याची परीक्षा घेऊ शकता. प्रथम स्वस्थ उभे राहून 'कबड्डी, कबड्डी' म्हणा. नंतर दहा उठाबशा काढून पुन्हा म्हणा. दोन्ही वेळा किती सेकंद दम टिकला, ते लिहून ठेवा.

हे ज्ञान केवळ खेळापुरते नाही. त्यावर कधी कधी प्राणही अवलंबून असतात. उन्हाळ्यात कृष्णामाईच्या डोहात कोण अधिक वेळ बुडी मारून राहतो, अशी पैज मुले लावतात. बुडी मारण्यापूर्वी भराभर दीर्घ श्वास घेतले, तर पाण्याखाली अधिक वेळ राहता येते, असे कोणी तरी सांगतो. त्या भराभर श्वासांनी रक्तातील प्राणवायू फारसा वाढत नाही, कारण रक्त मुळातच त्याने जवळजवळ भरलेले असते. कर्बवायू मात्र पुष्कळ निघून जातो. परिणामी, श्वासाची आज्ञा वेळेवर सुटत नाही. इकडे प्राणवायू खर्च होतच असतो आणि पोहणारा मुलगा कोणतीही पूर्वसूचना न मिळता पाण्याखाली बेशुद्ध पडतो. चांगले पोहणारेही असे बुडाले आहेत. म्हणून असे श्वास घेऊन बुडी कधीही मारू नये आणि अशी पैजही लावू नये.

मग श्वासाचे शिक्षण कसे घ्यावे? याचा शास्त्रीय विचार महाराष्ट्रात पूर्वीच सुरू झाला. जगन्नाथ गणेश गुणे ऊर्फ स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि योगाच्या क्रिया प्रयोगशाळेत तपासण्यास आरंभ केला. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिकही त्यांनी सुरू केले. प्राणायामाने शरीराला जादा प्राणवायू मिळतो, म्हणून तो हितकारक आहे, हा प्रचलित समज त्यांनी मान्य केला नाही. प्राणायामाचे खरे महत्त्व मज्जासंस्थेला लागणाऱ्या वळणात आहे, असे त्यांचे मत होते.

सावकाश श्वसनाचा एक परिणाम तुम्हांलाही पडताळून पाहता येईल. मनगटावरील नाडीवर बोटे ठेवा आणि नाकाने संथ श्वास घ्या. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना मंदावते. म्हणूनच, परीक्षेपूर्वी किंवा सामन्यापूर्वी छाती धडधडत असेल, तर उच्छ्वास श्वासापेक्षा लांबवावा. पोट हलेल असा खोल श्वास घ्यावा आणि तो सावकाश सोडावा. रोज पाच मिनिटे एवढे केले तरी पुरे. आरंभी श्वास कोंडून धरू नये. ज्यांना दम्याचा विकार आहे, त्यांनी वैद्याच्या सल्ल्यानेच अभ्यास करावा.

फुप्फुसांचे आकारमान मुख्यतः आपल्या उंचीवर अवलंबून असते. ते अभ्यासाने फारसे वाढत नाही. परंतु नियमित धावण्याने, खेळाने आणि संथ श्वसनाने श्वासाचे स्नायू बळकट होतात आणि कर्बवायू थोडा वाढला, तरी मन घाबरेघुबरे होत नाही. चांगल्या कबड्डीपटूचा दम अशाच रोजच्या अभ्यासातून वाढतो. श्वासाची हाक हा शरीराचा पहारेकरी आहे. त्याला फसवून झोपवू नये. त्याच्याशी मैत्री करावी.