चुरीचा रस कडू का होतो?

दिवाळी सरली की मोर्शी-वरुडात आंबिया बहाराची तोडणी जोर धरते. सातपुड्याच्या पायथ्याच्या या पट्ट्यात मग रस्त्याच्या कडेने संत्र्यांचे ढीग लागतात, क्रेट भरले जातात, ट्रक उभे राहतात. ढिगाभोवती बसलेल्या बाया फळ निवडतात. मोठं, रंग धरलेलं फळ दूरच्या बाजारांकडे निघतं. बारकी, डागाळलेली चुरी मागे उरते आणि मिळेल त्या भावाने जाते. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेल्यापासून चांगल्या मालाचीही वाट अरुंद झाली, त्याचा भार शेवटी चुरीवरच पडतो.

मग रस का काढत नाही, हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. त्याचं अर्धं उत्तर फळातच आहे.

नागपुरी संत्र्याच्या बिया, फोडींवरचे पापुद्रे आणि सालीच्या आतला पांढरा भाग यांत एक द्रव्य असतं. ते स्वतः कडू नसतं. फळ पिळलं की पेशी फुटतात, ते रसातल्या आंबटाला भेटतं आणि हळूहळू त्याचं लिमोनिन होतं. दहा लाख भागांत सहाच्या आसपास लिमोनिन असलं तरी जीभ ते ओळखते. फोड चावून खाताना हे घडायला वेळच मिळत नाही, म्हणून तेच फळ हातात गोड आणि ग्लासात काही तासांनी कडू. टिकावा म्हणून रस तापवला की कडूपणा आणखी लवकर येतो. ब्राझीलचा रसधंदा मुख्यतः व्हॅलेन्सियासारख्या, कमी बियांच्या गोड संत्र्यांवर उभा आहे. आपलं संत्रं मुळात सोलून खायचं फळ. मोठे कारखाने राळेच्या विशिष्ट कणांमधून रस गाळून लिमोनिन काढतात, पण ती यंत्रणा गावाला परवडणारी नाही.

इंग्लंडमध्ये शरद ऋतूत शहरांतले लोक परसातली सफरचंदं गोळा करून एकाच ठिकाणी आणतात, लगदा करून कापडात दाबतात आणि आपापल्या बाटल्या भरून नेतात. सफरचंदाला लिमोनिनचा त्रास नाही. पण यंत्र एकाचं, माल सगळ्यांचा, ही व्यवस्था मात्र मोर्शीला लागू पडेल असं मला मनापासून वाटतं. एकत्र येणं आपल्याकडे नवं नाही. नोगा हे नावच नागपूरच्या संत्रा बागाईतदारांच्या संघटनेवरून आलेलं. पुढे ते राज्याच्या कृषी उद्योग विकास महामंडळाकडे गेलं आणि घरोघरी जॅम-सॉसच्या बाटलीवर पोचलं.

गावपातळीचं यंत्र चालवायचं तर काही नियम कटाक्षाने पाळावे लागतील. साल आधी हाताने काढायची. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, ही इथली मोठीच सोय. फळ सालीसकट अर्धं कापून दाबायचं नाही. बी फुटेल असा दाब द्यायचा नाही. चोथा रसात मुरू द्यायचा नाही, लगेच गाळायचा. रस थंड ठेवायचा आणि त्याच दिवशी संपवायचा. शंभर किलो फळातून साधारण चाळीस किलो रस निघतो. तोडणीचं भानही हवं: संत्रं झाडावरच पिकतं, तोडल्यावर त्यात गोडी भरत नाही. ओढून काढलेल्या फळाचं देठाकडचं टवकं निघतं आणि तिथूनच सड सुरू होते, म्हणून कात्रीने देठ कापलेलं बरं.

नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने बिनबियांचं नागपुरी संत्रं विकसित केलं आहे. रसाच्या दृष्टीने त्याचं मोल मोठं, कारण कडूपणाचा एक उगमच त्यात नाही. पण नवी कलमं फळाला यायला वर्षं जातात, आणि चुरी आज ढिगात पडून आहे. यंत्राला अन्नपरवाना, स्वच्छ पाणी आणि थंड पेटी लागेल. गिऱ्हाईक मात्र जवळच आहे: तालुक्यातल्या आश्रमशाळा, वसतिगृहं, बसस्थानकं. सकाळी तोडलेलं फळ तिथे दुपारपर्यंत रस होऊन पोचू शकतं.